चाक जुने चालेल, टायर मात्र नवेच हवे : पहिल्या पिढीच्या मियाटासाठी परवडणारी चाके आणि टायर

माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी १९८९ साली बाजारात आली आणि अमेरिकेत तेव्हापासून तिला सगळे मियाटाच म्हणतात. १९९७पर्यंत चाललेल्या तिच्या पहिल्या पिढीतल्या, म्हणजे झोपलेले दिवे कळ दाबताच वर येतात त्या गाड्या आता पंचविशी-तिशी ओलांडून गेल्या आहेत. तरीही शनिवार-रविवारची हौस म्हणून अशी गाडी बाळगणारे मराठी लोक इकडे अधूनमधून भेटतात. मी स्वतः ओहायोत राहतो आणि माझी मियाटा १९९१ची आहे. इंजिनाची तक्रार अशा गाडीत सहसा नसते. खरा प्रश्न चाकांपाशी येतो, कारण मूळ चाके १४ इंची आहेत, त्यांवरच्या टायरचे माप १८५/६० आर १४ आहे, आणि त्या मापात आज जे मिळते ते बहुतेक रोजच्या प्रवासी गाड्यांचे, बारमाही टायर असते. रस्ता धरून वळणारे टायर हवे असेल, तर १५ इंची चाकावर जावे लागते. तेथे निवड भरपूर आहे आणि वाटते त्यापेक्षा खर्चही कमी येतो.

खरेदीला निघण्यापूर्वी चार आकडे कागदावर लिहून घ्यावेत. पहिला ४ × १००, म्हणजे चार नट आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. यालाच पीसीडी म्हणतात. दुसरा चाकाच्या मधल्या भोकाचा, तो ५४.१ मिलिमीटर. तिसरा स्टडच्या, म्हणजे नट ज्यांवर चढतात त्या बोल्टच्या, आट्यांचा, १२ × १.५. चौथा ऑफसेटचा, जो मूळ चाकांवर ४५ आहे. पहिले तीन आकडे जुळतात की नाही हे चटकन कळते. लोक अडकतात ते चौथ्यावर, म्हणून त्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे. विकणाऱ्याला पीसीडी ठाऊक नसेल, तर चार भोकांच्या चाकावर तो मोजणे सोपे असते. समोरासमोरच्या दोन भोकांपैकी एकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत पट्टी धरली की थेट पीसीडी मिळतो. हे अंतर ९८ भरले, तर ते चाक कितीही देखणे असले तरी तेथेच सोडावे, कारण दोन मिलिमीटरांचा फरक नट आवळून बुजवणे म्हणजे स्टडवर कायमचा तिरपा ताण घेणे होय.

आता ऑफसेट. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर चढते त्या गाडीच्या भागाला, टेकणारा पृष्ठभाग यांच्यातले हे अंतर असते, आणि चाकाच्या मागच्या बाजूला ते बहुधा ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेले सापडते. मियाटाचे मूळ अलॉय चाक सुरुवातीच्या वर्षांत साडेपाच इंच रुंद होते. त्या जागी सात इंच रुंदीचे, ३५ ऑफसेटचे चाक लावले, तर काय होईल? रुंदी दीड इंचाने, म्हणजे साधारण ३८ मिलिमीटरने वाढली. त्यातली निम्मी, १९ मिलिमीटर, प्रत्येक बाजूला गेली. ऑफसेट दहाने घटल्यामुळे सगळे चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकले. म्हणजे बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड फक्त ९ मिलिमीटर आत गेली. ऑफसेट ४० असता, तर हेच आकडे २४ आणि १४ झाले असते. ही वजाबाकी करायला एक मिनिट लागते, आणि ती न केल्यामुळे मडगार्डची आतली कड टायर खरवडत असलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. सात इंच रुंदी आणि ३५ ते ४० यांमधला ऑफसेट या गाडीला कापाकापी न करता बसतो. आठ इंची चाकांचा मोह अनेकांना होतो, पण १९५/५० आर १५ हे टायर साडेपाच ते सात इंच रुंदीच्या रिमसाठीच बनवलेले असते. आठ इंचांवर ते ओढूनताणून बसवावे लागते, शिवाय गाडी खाली बसवणे आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूचा कल, वाढवणे हे खर्च मागोमाग येतात. स्वस्तात भागवायचे असेल, तर सात इंचांवर थांबावे.

टायरच्या मापाचे गणितही असेच हातावेगळे करता येते. १८५/६० आर १४ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, म्हणजे १११. दोन्ही बाजूंच्या मिळून २२२ आणि १४ इंचांचे ३५५.६ मिळवले की एकूण व्यास ५७७.६ मिलिमीटर होतो. १९५/५० आर १५चा व्यास याच रीतीने ५७६ येतो. फरक दीड मिलिमीटरचा आहे, त्यामुळे वेगमापक आणि गिअरचे गुणोत्तर जिथल्या तिथे राहतात. २०५/५० आर १५चा व्यास ५८६ होतो. तेही चालते, पण वळणावर चाक पूर्ण वळवून, खड्ड्यातून जाऊन पाहिल्याशिवाय ते घासत नाही असे मानू नये. भार सोसण्याचा निर्देशांक मूळ टायरवर ८२ होता, म्हणजे टायरमागे ४७५ किलो. १९५/५० आर १५वरही तोच मिळतो.

चाके शोधायची कोठे? माझ्या मते पहिली नजर दुसऱ्या पिढीच्या मियाटाकडे वळवावी. १९९९ ते २००५ या वर्षांतल्या त्या गाड्यांच्या काही प्रकारांवर १५ इंची, सहा इंच रुंद, ४० ऑफसेटची कंपनीची अलॉय चाके होती. रुंदी सातची नाही, परंतु १९५चे टायर त्यांवर अगदी योग्य बसते, भोक आणि नट जसेच्या तसे जुळतात, आणि मालकांनी झगमगीत चाके लावल्यावर ही मूळ चाके त्यांच्या गॅरेजात धूळ खात पडलेली असतात. २०१६पासूनच्या चौथ्या पिढीचीही चाके ४ × १०० आणि ५४.१ मापाची आहेत, पण ती १६ किंवा १७ इंची असल्यामुळे टायर बारीक भिंतीचे आणि महाग घ्यावे लागते. मधली, २००६ ते २०१५ची तिसरी पिढी पाच नटांची आहे. तिच्या वाटेला जाऊ नये.

होंडाच्या जुन्या सिव्हिक आणि फिट या गाड्यांची चाकेही ४ × १०० असतात आणि भंगाराच्या यार्डात ती स्वस्त मिळतात. तिथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. होंडाच्या चाकाचे मधले भोक ५६.१ मिलिमीटर आहे, म्हणजे हबपेक्षा दोन मिलिमीटर मोठे. ती पोकळी भरणारी प्लॅस्टिकची वा ॲल्युमिनियमची कडी बसवली नाही, तर चाक किंचित एका बाजूला बसते आणि महामार्गावर स्टिअरिंग थरथरते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. माझदाच्या नटाचे टोक ६० अंशांचे शंकूसारखे निमुळते असते, तर होंडाच्या कंपनीच्या चाकात नट टेकण्याची जागा वाटीसारखी गोल असते. शंकूचा नट वाटीत बसवला, तर तो केवळ एका बारीक वर्तुळरेषेवर टेकतो, आवळताना घट्ट वाटतो आणि पुढे ढिला होतो. उपाय सोपा आहे: दोन्ही गाड्यांचे आटे १२ × १.५ असल्यामुळे चाकांसोबत होंडाचे गोल टोकाचे नटही मागून घ्यावेत. भारतातल्या स्विफ्टचे चाकही ४ × १०० आणि ५४.१चे आहे, पण सुझुकीचे आटे १२ × १.२५ असतात. त्यामुळे पुण्याहून कोणी हौसेने सुझुकीचे नट आणून दिले, तर ते मियाटाच्या स्टडवर चढणार नाहीत; जबरदस्ती केली, तर आटे जातील.

जुने चाक घेताना ते टायरसकट घेऊ नये, निदान टायर काढल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ही शिकवण मला पैसे मोजून मिळाली. काळ्या पावडर कोटिंगची, नव्यासारखी दिसणारी चार चाके मी संध्याकाळच्या अंधारात एका पार्किंगमध्ये घेतली. टायर उतरवल्यावर एका चाकाच्या आतल्या बाजूला, पात्याच्या मुळाशी, केसाएवढी रेघ दिसली. नखाला ती लागत होती. रंगाखाली ती मूळची होती की नंतर पडली, हे सांगणे अशक्य होते, आणि अशा चाकाला वेल्डिंग करून परत रस्त्यावर आणणे मला पटत नाही. नवा रंग चढवलेल्या चाकाबद्दल मी तेव्हापासून जास्तच साशंक असतो, कारण फुटपाथला घासलेल्या कडेचे ओरखडे दिसले तर निदान चाकाने काय सोसले ते कळते.

म्हणून चाक उजेडात पालथे घालून पाहावे. भोकांभोवती आणि पात्यांच्या मुळाशी भेगा शोधाव्यात, आणि आतल्या कडेवरून बोट फिरवावे, कारण खड्ड्याचा मार बाहेरच्या कडेपेक्षा आतल्या कडेला जास्त बसतो आणि तो गाडीवर लावलेल्या चाकात दिसत नाही. घरी आणल्यावर गाडीचा मागचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा, पुढच्या चाकांना अडण्या लावाव्यात, गिअर न्यूट्रलमध्ये आणून हँडब्रेक सोडावा आणि चाक मागच्या हबवर चढवावे. शेजारी दुसऱ्या स्टँडला पेन्सिल अशी बांधावी की तिचे टोक चाकाच्या कडेला जेमतेम लागेल, आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. टोक आणि कड यांतली फट कोठे मिटते, कोठे उघडते, ते डोळ्यांना लगेच दिसते. एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर मी ते चाक परत करतो. हबचा पृष्ठभाग आधी तारेच्या ब्रशने साफ करावा, हे मात्र विसरू नये. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडते आणि गंजाची एक खपली या सगळ्या मोजणीचे वाटोळे करते.

नवी चाके घ्यायची झाल्यास कोनिग आणि एनकाय या नावांची परवडण्याजोगी, हलकी चाके या मापात मिळतात. प्रसिद्ध नमुन्यांच्या नावगाव नसलेल्या नकला त्यांहून स्वस्त असतात, परंतु त्या घेण्यापूर्वी चाकाच्या मागे ‘जेडब्ल्यूएल’ हे जपानी मानकाचे चिन्ह आणि भाराचा आकडा कोरलेला आहे का, ते पाहावे. नसेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

टायरच्या बाबतीत माझे मत ताठर आहे. चाक वीस वर्षांचे असले तरी धडधाकट असू शकते, टायर नाही. बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’नंतरच्या ओळीत शेवटचे चार अंक असतात, ३५१९ म्हणजे २०१९ सालातला पस्तिसावा आठवडा. शेवटी चारऐवजी तीनच अंक दिसले, तर ते टायर २००० सालापूर्वीचे आहे. हौशी गाड्या वर्षाला फार थोड्या चालतात, त्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र लाकूड होते. नक्षीवर भाळून सात-आठ वर्षांचे टायर घेणे ही खोटी बचत आहे. अनेक टायर कंपन्या स्वतःच दहा वर्षांची कमाल मर्यादा सांगतात, आणि पाचव्या वर्षानंतर दरवर्षी तपासणी करून घ्यायला सांगतात.

त्याच भिंतीवर झिजेचाही एक अंक असतो. आकडा जितका लहान, तितके टायर मऊ आणि पकड चांगली, पण तो आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. २०० हा आकडा वारंवार दिसतो, कारण १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या ऑटोक्रॉस शर्यतींत साध्या गाड्यांच्या वर्गासाठी २०० ही किमान मर्यादा आहे. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून धावणाऱ्यांसाठी ते टायर उत्तम. रस्त्यावर ते लवकर संपते आणि कडक थंडीत पकड देत नाही. सुमारे हजार किलोच्या या गाडीला ३००-४०० आकड्याचे उन्हाळी टायर पुरेसे होते. याच शर्यतींच्या मैदानावर मात्र एक फेरी जरूर मारावी, कारण हंगाम संपताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तिथले लोक चाकांचे संच विकायला काढतात आणि मापांची माहिती त्यांना तोंडपाठ असते.

माझा शेवटचा हिशेब असा झाला: दुसऱ्या पिढीची चार चाके २२० डॉलर, १९५/५० आर १५ची चार नवी टायर ३८४ डॉलर, बसवणे आणि बॅलन्सिंग ८८ डॉलर. एकूण ६९२. टायर बसवणाऱ्याला नट यंत्राने आवळू देऊ नयेत. ते फुलीच्या क्रमाने, हाताने, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळावेत. या गाडीची मर्यादा ६५ ते ८७ पौंड-फूट आहे आणि मी ८० वर थांबतो. ऐंशी-शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर, चाके थंड असताना, पाना पुन्हा एकदा लावावा. हवा २६ पीएसआय, दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच. आजच्या गाड्यांच्या सवयीने ३५ भरली, तर ही हलकी गाडी रस्त्यावर उड्या मारते.

होंडाची चाके घेतली असतील, तर मूळ शंकूच्या टोकाचे चार नट फेकू नयेत. डिकीतले बारीक सुटे चाक माझदाचेच आहे आणि त्याला तेच नट लागतात; एका कापडी पिशवीत घालून ते पान्याशेजारी ठेवावेत.