सिकलसेलचा बदल शोधायचा, पण सर्व्हरला कळू न देता

आरएस३३४ हा सिकलसेलच्या जनुकीय बदलाचा नोंद-क्रमांक. तो हॅश करून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने न ओळखू येणाऱ्या अक्षरांत बदलून, पाठवला की शोध गुप्त झाला, असं समजू नका. असे क्रमांक सार्वजनिक आहेत. सर्व्हरवाला सगळ्यांचे हॅश काढून जुळवून बघू शकतो. इथे होमोमॉर्फिक एन्क्रिप्शनच लागतं: डेटा न उघडता सर्व्हर त्यावर बेरीज-गुणाकार करतो, गुप्त किल्ली लॅबमध्येच राहते.

समजा १००० जणांचे जनुकीय नमुने भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचे आहेत. अशा एन्क्रिप्शनची लायब्ररी मायक्रोसॉफ्ट सील, त्यातली पद्धत बीएफव्ही (पूर्णांकांवर चालणारी). तिच्या सेटिंग्ज अशा: डिग्री (एका सायफरटेक्स्टमध्ये, म्हणजे कुलूपबंद डेटात, किती खण मिळतात) ८१९२, कोएफिशियंट मॉड्युलस (कुलूपबंद आकड्यांची मर्यादा) २१८ बिट, प्लेन मॉड्युलस (मूळ आकड्यांची मर्यादा) बॅचिंगला, म्हणजे अनेक आकडे एकत्र भरायला, चालणारी २० बिटांची मूळ संख्या. सुरक्षा १२८ बिटांची मिळते. जागा वाचवायला डिग्री ४०९६ घ्याल, तर एका गुणाकारातच नॉइज बजेट (प्रत्येक क्रियेत वाढणारी गडबड सोसायची शिल्लक क्षमता) संपू शकतं.

सगळ्यात जास्त चुका कोणता बदल कोणत्या खणात, या यादीत होतात. बदलाची ओळख क्रोमोसोम, स्थान, मूळ अक्षर आणि नवं अक्षर या चारींवरून ठरवा. नुसत्या आरएस३३४ खाली एकाहून जास्त बदल नोंदलेले आहेत. क्रोमोसोम ११ वर हे स्थान मानवी जीनोमच्या जुन्या संदर्भ-आवृत्तीत, जीआरसीएच३७ मध्ये ५२४८२३२, तर नंतरच्या जीआरसीएच३८ मध्ये ५२२७००२. दोन्हींची सरमिसळ झाली की उत्तर शून्य येतं, आणि ते खरंही वाटतं! शिवाय हा बदल ज्यात होतो ते एचबीबी जनुक डीएनएच्या उलट्या धाग्यावर आहे: रिपोर्टात ‘ए’चा ‘टी’, व्हीसीएफमध्ये (बदलांची यादी ठेवणाऱ्या फाइलमध्ये) ‘टी’चा ‘ए’.

प्रत्येक नमुन्याचा एक सायफरटेक्स्ट करा, साधारण ५१२ केबीचा. एकूण ५०० एमबी. त्यात ४०९६ खणांच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत बदललेल्या प्रती (०, १ किंवा २), खालच्या ओळीत त्याच खणात वाचन झालं असेल तर १, नाहीतर ०. न वाचलेल्या जागी नुसता ० भरून सोडलात तर रुग्णही निरोगी मोजला जाईल. वरचा पहिला खण ताळ्यासाठी राखा. तिथे सगळ्यांना १.

प्रश्नाचा सायफरटेक्स्ट तसाच: ताळ्याच्या खणात १, हव्या बदलाच्या वरच्या-खालच्या खणांत १, बाकी शून्य. सर्व्हर आधी १००० सायफरटेक्स्टची बेरीज करतो, मग प्रश्नाशी एकच गुणाकार. खणांची फिरवाफिरव नाही, म्हणून त्यासाठीच्या गॅल्वा किल्ल्या लागत नाहीत. रीलिनिअरायझेशन (गुणाकाराने वाढलेला सायफरटेक्स्ट पुन्हा लहान करणं) टाळलं तरी चालतं, फक्त उत्तर दीडपट मोठं येतं.

उलगडण्याआधी नॉइज बजेट तपासा. ते शून्य असेल तर सील एरर देत नाही, गुपचूप कचरा आकडे देतं. ताळ्याच्या खणात १००० नसतील तर नमुने गळालेत. समजा हव्या बदलाच्या खणांत वर ६२, खाली ९८८ आले: प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणून ६२ भागिले १९७६, म्हणजे ३.१ टक्के प्रतींत बदल.

उत्तर बाहेरच्या संशोधकाला देताना मात्र एन्क्रिप्शन कामाचं नाही. २०१५ मध्ये श्रिंगारपुरे आणि बुस्तामांते यांनी दाखवलं, की १००० जणांच्या डेटाला केवळ हो-नाही स्वरूपाचे ५००० प्रश्न विचारून एखादी व्यक्ती त्यात आहे का हे ओळखता येतं. तेव्हा प्रत्येक संशोधकाला प्रश्नांची मर्यादा घाला आणि पाचाखालचे आकडे ‘५ पेक्षा कमी’ एवढंच सांगा.