जनगणनेचे आकडे नकाशावर ठेवून जिल्हा कसा वाचावा : सिंधुदुर्गाचे उदाहरण

ग्रामीण जिल्ह्याची माहिती लिहायची असेल, तर लोकसंख्येच्या तक्त्यापासून सुरुवात करू नये. आधी नकाशा समोर घ्यावा. सिंधुदुर्गाच्या बाबतीत पूर्वेचा सह्याद्री, पश्चिमेचा समुद्र, उत्तरेची रत्नागिरी आणि दक्षिणेचा गोवा ही चतुःसीमा पेन्सिलीने गिरवावी, मग गड, कर्ली व तेरेखोल या नद्या, आंबोली, फोंडा व करूळ हे घाट आणि शेवटी आठ तालुके मांडावेत. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या जनगणनेचे आकडे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या तक्त्यांतून तालुकावार वेचावे लागतात. दोडामार्ग तालुका तर नंतर सावंतवाडीतून निघाला; हे विसरले, तर तुलना पहिल्याच ओळीत फसते.

२०२१ची जनगणना वेळेवर न झाल्याने आधार २०११चाच घ्यावा लागतो. त्यानुसार क्षेत्रफळ सुमारे ५,२०७ चौरस किलोमीटर, लोकसंख्या ८,४९,६५१ आणि घनता दर चौरस किलोमीटरला १६३ माणसे; त्याच वर्षी राज्याची घनता ३६५ होती. नागरी वस्ती जेमतेम १३ टक्के. मात्र घनतेची सरासरी लिहून थांबू नये. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पावसाळ्याखेरीज पाणी टिकत नाही, म्हणून सडे ओस आणि खाली वहाळाच्या (ओढ्याच्या), शेतमळ्यांच्या कडेने माडा-पोफळीत विखुरलेल्या वाड्या असे येथील गावाचे रूप आहे. जनगणनेचा तक्ता महसुली गावाचा आकडा देतो, वाडीचा नाही. देशावरच्यासारखे एकगठ्ठा गावठाण डोळ्यांसमोर ठेवून तो वाचला, तर चित्र चुकते. वाडीनिहाय घरांची माहिती ग्रामपंचायतीत विचारावी.

खरी गोष्ट पुढे आहे. २००१ मध्ये येथील लोकसंख्या ८,६८,८२५ होती, म्हणजे दहा वर्षांत ती १९,१७४ने घटली. एवढ्यावरून ‘जन्मदर घटला’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. शेजारीच लिंग-गुणोत्तराचा रकाना पाहावा. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, आणि राज्यात ९२९. हे वाचून अनेकजण जिल्ह्याचे कौतुक करून मोकळे होतात. परंतु ० ते ६ वयोगटाचा रकाना उघडला, तर तेथे मुलींची संख्या मुलांपेक्षा कमीच दिसते. मग मोठ्या वयात स्त्रिया जास्त कशा? मुख्यतः कामाच्या वयाचे पुरुष मुंबईला गेलेले असतात म्हणून. जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी मोजते, त्यामुळे चाकरमानी मुंबईच्या आकड्यात जातो, आणि त्याचे घर मात्र गावच्या घरयादीत, म्हणजे जनगणनेसाठी केलेल्या घरांच्या यादीत, राहते. म्हणून हे दोन रकाने नेहमी जोडीने, आणि घरयादीतील बंद घरांच्या आकड्यासह वाचावेत.

शक्य असेल, तर एका वाडीत दोनदा जावे. २०११ची गणना फेब्रुवारीत, माघात झाली. म्हणजे चाकरमानी गावी येतात त्या गणपतीनंतर बऱ्याच महिन्यांनी आणि शिमग्याच्या आधी. त्याच सुमारास एकदा आणि गणेशचतुर्थीला एकदा वाडीतून फिरून किती घरांना कुलूप आहे ते वहीत मांडावे, आणि जिल्ह्याच्या माहितीत लोकसंख्येच्या आकड्याशेजारी मोजणीचा महिनाही लिहावा.