जुन्या स्टीलच्या टूरिंग सायकलशी जमवून घेताना

पहिल्याच दिवशी गिअर बदलायला खाली हात घातला आणि सायकलसकट कडेच्या झुडपात शिरले. या जुन्या टूरिंग सायकलींना, म्हणजे सामान लादून लांब जायच्या सायकलींना, गिअरच्या दोन बारक्या खिट्ट्या हँडलवर नसतात, हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या तिरक्या दांड्यावर असतात. त्या शोधायला मी मान खाली घातली, उजवा खांदा झुकला, सगळा भार डाव्या हातावर आला आणि हँडल फिरलं. म्हणून माझ्या मते पहिला धडा गिअरचा नाहीच, एका हाताने सरळ चालवण्याचा आहे.

मोकळी जागा बघा. डावा हात हँडलच्या टोकाला नको, मध्यावर, स्टेमला म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या दांडीला लागून ठेवा. टोकाला धरलं की अंग जरा हललं तरी चाक वळतं. मध्यावर धरलं तर तेवढं वळत नाही. कोपर सैल, नजर समोर. आता उजवा हात नुसता खाली नेऊन खिट्टीला लावायचा आणि परत वर आणायचा. गिअर बदलायचाच नाही. मी वीस-पंचवीस वेळा केलं तेव्हा कुठे हाताला जागा कळली.

मग गिअर. ठरावीक टप्प्यावर ‘टक्क’ करून बसणारे गिअर रूढ झाले ते शिमानो या जपानी कंपनीची एसआयएस पद्धत १९८४ च्या सुमारास आल्यानंतर. त्याआधीच्या सायकलींवर खिट्टी कुठेही थांबते, कुठे थांबवायची ते आपण ठरवायचं. बहुतेक सायकलींवर उजवी खिट्टी मागच्या चक्रांची: आपल्याकडे ओढली की चेन मोठ्या चक्रावर चढते आणि पेडल हलकं होतं. डावी पुढच्या चक्रांची, आणि तिथे उलटं: ओढली की जड. ‘उजवी ओढली की हलकं, डावी ओढली की जड’ असं मी आठवडाभर पुटपुटत होते.

खिट्टी ओढताना पेडल चालू ठेवा, पण जोर काढून घ्या, रिकामं फिरवल्यासारखं. चेन चढेपर्यंत खिट्टी ओढा, आणि चढली की केसभर मागे सोडा. मग ऐका. खरखर येत असेल तर चेन दोन चक्रांच्या मधे घुटमळतेय. खिट्टी किंचित पुढे-मागे करून आवाज बंद करा. पुढून घासल्याचा आवाज आला तर डावी खिट्टी जराशी हलवा. सगळं कानाने. खाली बघून काही दिसतही नाही, आणि झुडपाचं वर सांगितलंच आहे.

चढाला लागल्यावर, मांड्या भरून आल्यावर गिअर हलका करू म्हणाल तर चेन कुरकुरेल आणि चढणार नाही. चढ दिसला की हलका करा. थांबण्याआधीही हलक्या गिअरवर या, कारण उभ्या सायकलवर गिअर बदलत नाहीत. आणि चढावर जोर लावताच चेन आपोआप लहान चक्रावर पडत असेल तर लगेच मेकॅनिक गाठू नका. खिट्टीच्या मधोमध स्क्रू असतो, बरेचदा त्याला बोटाने फिरवायची कडी असते. तो ढिला झालेला असतो. पाव फेरा आवळा.

ब्रेकबाबत मात्र मी कडक आहे. फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ या नावाजलेल्या स्टीलच्या नळीचा स्टिकर दिसला की लोक हुरळून जातात. ती नळी १९३५ पासूनची, चांगलीच आहे, पण ती सायकल थांबवत नाही. आधी ब्रेकचं रबर नखाने दाबून बघा. नख रुतत नसेल, रबर चकचकीत झालं असेल, तर नवं घाला. मग रिमला चुंबक लावा. चिकटलं तर रिम स्टीलची, आणि ओल्या स्टीलवर ब्रेक लागेपर्यंत फार वेळ जातो. पावसात आधी हलकेच दाबून रिम पुसून घ्यायची, मग खरा ब्रेक. उतारावर हात हँडलच्या खालच्या वाकणात हवेत, तिथून बोटांना जोर मिळतो. हँडलच्या वरच्या आडव्या भागाजवळ ब्रेकची जादा पट्टी असेल तर तिच्या भरवशावर राहू नका.

हँडल वर घ्यायचं असेल तर स्टेमचा वरचा बोल्ट दोन-तीन फेरे ढिला करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून ठोका. आत पाचर असते, ती सुटते. मला हे माहीत नव्हतं. हँडल हलेना म्हणून मी बोल्ट फिरवतच राहिले, आणि पाचर सुटून आत खळ्ळकन पडली. स्टेमच्या दांडीवर कमाल उंचीची खूण असते, ती दिसेल इतकं वर घेऊ नका.

टायर घेताना बाजूवर छापलेला आकडा वाचा. २७ इंची मापाचा म्हणजे ६३०, ७००सी मापाचा म्हणजे ६२२. आठ मिलिमीटरचा फरक. मी २७ इंची रिमसाठी ७००सी आणला आणि तो चढवताना दोन टायर-लिव्हर, म्हणजे टायर चढवायच्या पट्ट्या, मोडले.

रिकामी सायकल सुस्त वाटेल, वळायला आळशी. तिची घडणच ओझ्यासाठी आहे. मागचा सांगाडा लांब असतो, बॅगेला टाच लागू नये म्हणून. मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन किलो, शक्य तितकं खाली, बांधून बघा. उतारावर हँडल थरथरायला लागलं तर घट्ट आवळू नका. दोन्ही गुडघे वरच्या दांड्याला टेकवा आणि हळूहळू वेग कमी करा.

शेवटचं काम सीटच्या दांडीचं. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनिअमची दांडी वर्षानुवर्षं तशीच राहिली तर गंजून जाम होते. निघत असेल तर आजच काढा, पुसा, ग्रीस लावून परत घाला. माझी निघत नाही. नशिबाने माझ्याच उंचीला अडकली आहे, त्यामुळे सायकल कुणी उसनी मागितली की मला आयतं कारण असतं.