सुरक्षा परिषदेतलं मतदान कसं वाचावं

'सुरक्षा परिषदेत ठराव बारगळला, भारत तटस्थ' अशी बातमी आली की इथे बडोद्यात, दांडिया बाजारात, दुपारपर्यंत दोन तट पडलेले असतात. एकाच्या मते आपण कच खाल्ली, दुसऱ्याच्या मते मुत्सद्देगिरी दाखवली. मतदानाचा तक्ता मात्र कोणी उघडलेला नसतो. रविवारी माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची मुलं येतात. त्यांना जे करायला लावते तेच इथे लिहिते, कारण हे घरबसल्या कोणालाही जमण्यासारखं आहे.

वहीच्या पानावर पाच रकाने आखा: बाजूने, विरोधात, तटस्थ, गैरहजर आणि कारण. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. पाच स्थायी सदस्य म्हणजे अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स लाल शाईने लिहा, बाकीचे दहा निळ्या. हे दहा दोन वर्षांसाठी निवडून येतात आणि दरवर्षी त्यांतले पाच बदलतात, म्हणून यादी त्याच वर्षाची घ्या.

आता दोन प्रश्न, एकामागून एक. बाजूची मतं किमान 9 आहेत का? विरोधाच्या रकान्यात लाल शाई आहे का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल तरच ठराव संमत. मुलं हमखास अडखळतात ती इथेच: स्थायी सदस्य तटस्थ राहिला तर तो व्हेटो, म्हणजे एकट्याने ठराव पाडणारा नकार, होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदीच्या कलम 27 ची भाषा पाचही जणांची संमती मागते, पण प्रथा वेगळी पडली आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1971 मध्ये नामिबियाच्या प्रकरणात ती मान्य केली. गैरहजेरीनेही ठराव अडत नाही. जून 1950 मध्ये कोरियाविषयीचे ठराव झाले तेव्हा परिषदेतली चीनची जागा कोणत्या सरकारची या वादावरून सोव्हिएत संघाने बहिष्कार घातला होता, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं.

यापुढची गाठ नीट सोडवा. 25 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवरचा मसुदा आला: 11 बाजूने, रशिया विरोधात, चीन, भारत आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ. मसुदा पडला. दोनच दिवसांनी, 27 तारखेला, आमसभेचं, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेचं, तातडीचं विशेष अधिवेशन बोलावण्याचा ठराव आला. मतं अगदी तीच, 11, 1 आणि 3. हा मात्र संमत झाला, क्रमांक 2623. कारण तो कार्यपद्धतीचा प्रश्न होता आणि तिथे व्हेटो चालत नाही. म्हणून मतं मोजण्याआधी विषय कुठल्या प्रकारचा आहे ते वहीत वर लिहून ठेवा. ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवली की मुलांच्या डोक्यात जे बसतं ते नुसता नियम पाठ करून कधीच बसत नाही.

मग कारणाचा रकाना. मतदानाच्या आधी किंवा नंतर देश आपली बाजू मांडतात, आणि बैठकीचा शब्दशः वृत्तांत संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मराठीत नाही, हिंदीतही नाही, इंग्रजीतच वाचावा लागतो. पण भाषणं छोटी असतात, तास-दीड तासात होतं. आमची मुलं विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात बसून वाचतात. हंसाबेन आमच्या कुलगुरू होत्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी, तेव्हा जागा योग्यच आहे.

भारताच्याच दोन नोंदी घ्या. 17 मार्च 2011, लिबियावरचा ठराव 1973: 10 बाजूने, विरोधात कोणी नाही, आणि ब्राझील, चीन, जर्मनी, भारत, रशिया हे पाच तटस्थ. प्रत्यक्ष परिस्थितीची भरवशाची माहिती हाती नसताना एवढी मोठी पावलं उचलली जात आहेत, हा तेव्हा आपला आक्षेप होता. 2022 मध्ये मात्र आपण सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडतेचा आदर करा असं म्हटलं, मुत्सद्देगिरीचा मार्ग सोडल्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि रशियाचं नाव घेतलं नाही. रकाना एकच, कारणं निरनिराळी. 'भारत नेहमी तटस्थच असतो' हे वाक्य माझ्या वर्गात मी कोणाला बोलू देत नाही, ते यामुळेच.

ठरावाचा मजकूर वाचताना सुरुवातीचे परिच्छेद भरभर वाचा, क्रमांक घातलेले सावकाश. परिषद 'ठरवते' असं आहे की नुसतं 'आवाहन करते', हे पेन्सिलने अधोरेखित करा. सनदीच्या सातव्या प्रकरणाचा उल्लेख आणि 'सर्व आवश्यक उपाय' हे शब्द दिसले तर थांबा, तिथे बळाचा वापर करायला परवानगी दिलेली असते. ठराव 1973 मध्ये नागरिकांच्या संरक्षणासाठी ती दिली होती.

आमसभेसाठी वेगळं पान ठेवा. 2 मार्च 2022 ला तिथे युक्रेनवरच्या ठरावाला 141 बाजूने, 5 विरोधात आणि 35 तटस्थ अशी मतं पडली. तिथे व्हेटो नाही, पण असे ठराव बंधनकारकही नसतात. आणि एप्रिल 2022 पासून व्हेटो वापरला गेला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा ठेवली जाते. तेव्हा व्हेटोची तारीख समासात लिहा, कामकाजाचे दहा दिवस मोजा आणि त्या चर्चेचा वृत्तांतही काढून वाचा.