भारत आणि नेदरलँड्स: शेणातून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडची तुलना कशी करायची

नायट्रस ऑक्साइड म्हणजे हवा तापवणारा वायू, आणि त्याचा डेटा फाओस्टॅटवर (युनोच्या अन्न-शेती संघटनेच्या आकडेवारीच्या साइटवर) फुकट आहे, डाउनलोड करायला पाच मिनिटं लागतात आणि चुकायला त्याहून कमी. मी पहिल्यांदा भारत-नेदरलँड्सचा ग्राफ काढला तेव्हा भारताचा आकडा इतका फुगला की मीच हबकलो, मग एक्सेल परत उघडून बघितलं तर 'एकूण गुरं' ही ओळ पण धरलेली आणि 'दुभती' 'बिनदुभती' या दोन ओळी पण, म्हणजे तीच गाय दोनदा मोजलेली. प्रत्यक्ष (थेट शेणातून), अप्रत्यक्ष (शेणातला नायट्रोजन उडून किंवा झिरपून दुसरीकडे गेल्यावर) आणि एकूण उत्सर्जनाचंही तसंच, तिन्ही एकाच फाइलमध्ये येतात. त्यामुळे सीएसव्ही फाइल उतरवली की सगळ्यात आधी बेरजेच्या ओळी उडवा. 2030 आणि 2050 अशी वर्षं दिसली तर तीही काढा, ते भविष्याचे अंदाज आहेत.

आता मुख्य भानगड. 'शेणातलं उत्सर्जन' असा एक आकडा नसतोच, तीन खाती असतात: साठवलेलं शेण, शेतात टाकलेलं शेण आणि चरताना कुरणावर पडलेलं शेण-मूत. देश जे रिपोर्ट युनोला देतात त्यात पहिलं 'खत व्यवस्थापन' मध्ये जातं आणि बाकीची दोन 'शेतजमीन' या मथळ्याखाली, तिथे युरियासुद्धा शेजारीच बसलेला असतो. तुम्ही फक्त 'खत व्यवस्थापन' उचललंत तर ज्या देशात गुरं बाहेर चरतात तो देश उगाच साधूसंत दिसणार. म्हणून एकतर तिन्ही खाती घ्या नाहीतर एकच घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.

कुठे पडलं याने एवढा फरक का पडतो? नायट्रस ऑक्साइड बनायला थोडी हवा लागते आणि थोडा हवेचा अभावही लागतो. आपला उकिरडा डोळ्यासमोर आणा, वरचा थर सुका-भुसभुशीत, आत हात घातला तर ओला आणि गरम, दोन्ही गोष्टी एकाच ढिगात. डच गोठ्यात शेण-मूत फळीच्या फटींतून खालच्या टाकीत जातं, पातळ स्लरी, आत हवा नाही, म्हणून तिथे नायट्रस ऑक्साइड नगण्य (मिथेन मात्र भरपूर, पण तो वेगळा विषय).

हिशोब एकदा हाताने करून बघाच. 100 किलो नायट्रोजन घ्या. त्यातला किती नायट्रस ऑक्साइड बनून उडतो? आयपीसीसीच्या (युनोच्या हवामान-तज्ज्ञांच्या समितीच्या) 2006 च्या हिशोबाच्या पुस्तकाप्रमाणे गुरांनी कुरणावर टाकलं तर 2 टक्के, ढिगात साठवलं तर 0.5 टक्के, साय न धरलेल्या स्लरीत शून्य. कुरणाचे 2 किलो झाले, पण हे नुसतं नायट्रोजनचं वजन, वायूचं काढायला 44/28 ने गुणा, म्हणजे 3.14 किलो. ही पायरी बरेच जण विसरतात. मग कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात आणायला 265 ने (हा वायू त्याच्या इतके पट तापवतो) गुणलं की 830 किलोच्या वर जातं. 265 हा आयपीसीसीच्या पाचव्या अहवालातला आकडा, चौथ्यात 298 होता, सहाव्यात 273 आहे, तेव्हा दोन्ही देशांना एकच लावा. मी तर सरळ वायूच्या टनांतच तुलना करतो, कटकट नाही.

आणखी एक सापळा: 2019 च्या सुधारित पुस्तकात गुरांच्या कुरणाचा तोच 2 टक्के 0.4 वर आलाय. एका देशाने जुनं पुस्तक वापरलं आणि दुसऱ्याने नवीन, तर पाचपट फरक नुसता पुस्तकाचा, गायीचा काही संबंध नाही. डच सरकारच्या रिपोर्टमध्ये त्यांचे स्वतःचे मोजलेले टक्के असतात, फाओस्टॅट मात्र सगळ्या देशांना 2006 चेच लावतं, म्हणून एक देश इकडून आणि दुसरा तिकडून असं कधीच करू नका.

मग एकूण उत्सर्जनाला भागायचं कशाने? 2019 च्या पशुगणनेत आपल्याकडे 19.25 कोटी गायी-बैल आणि 10.98 कोटी म्हशी, तिकडे गुरं 38 लाखांच्या आसपास, म्हशी जवळजवळ नाहीतच आणि डुकरं 1 कोटीच्या वर. एकूण टनांत आपणच 'जिंकणार', त्यात काय सांगण्यासारखं? दर जनावरामागे बघितलं तर चित्र उलटतं: 2006 च्या पुस्तकातल्या डिफॉल्टप्रमाणे (देशाचा स्वतःचा आकडा नसेल तर वापरायचा तयार आकडा) आपली दुभती गाय 275 किलोची आणि वर्षाला साधारण 47 किलो नायट्रोजन टाकते, पश्चिम युरोपातली 600 किलोची आणि 105. लिटर दुधामागे काढलं की परत उलटतं, कारण तिकडची गाय दूधही कितीतरी जास्त देते. मला स्वतःला हेक्टरमागचा आकडा जास्त कामाचा वाटतो, युरोपातला शेणखतातून 170 किलोच नायट्रोजन टाकायचा नियमही हेक्टरमागेच आहे. पण एकच निवडून दाखवू नका, निदान दोन तरी द्या.

शेवटी गोवऱ्या. डच तक्त्यात ही ओळ नसतेच. थापून वाळवून चुलीत घातलेलं शेण जळताना जे निघतं ते ऊर्जेच्या खात्यात जातं, पण त्याच म्हशीचं मूत मात्र कुरणाच्या खात्यात धरतात. त्यामुळे भारताच्या रकान्याखाली एक तळटीप टाकाच, की चुलीतलं शेण यात धरलेलं नाही.