लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर रक्ताची गुठळी: या चुका टाळा

‘लिव्हर बिघडलेल्या माणसाचं रक्त आधीच पातळ, त्याला गुठळी कशी होणार?’ परळ असो की अंधेरी, ट्रान्सप्लांट वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांकडून हे हमखास ऐकायला मिळतं. पुढच्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात.

यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतं, तशीच गोठण्याला आवर घालणारीही बनवतं: प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन. आजारी यकृतात दोन्ही घटतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी आयएनआरची तपासणी (आकडा जितका मोठा, तितकं रक्त उशिरा गोठतं) मात्र फक्त गोठवणारी बाजू बघते. म्हणून आयएनआर २ आला म्हणजे गुठळीची चिंता मिटली, असं होत नाही. सिऱ्होसिसच्या, म्हणजे यकृत कडक होऊन आक्रसलेल्या काही रुग्णांच्या पोर्टल व्हेनमध्ये (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत) तर ऑपरेशनच्या आधीच गुठळी असते. नवं यकृत बसल्यावर गोठवणारी बाजू लवकर सावरते, आवर घालणारी मागे रेंगाळते, प्लेटलेटही चढू लागतात. सुरुवातीचे आठवडे जपायचे ते यासाठी.

सगळ्यांत घातक गुठळी यकृताच्या धमनीतली, म्हणजे हिपॅटिक आर्टरीतली. प्रौढांमध्ये शंभरात साधारण २ ते ९ जणांना ती होते, लहान मुलांत प्रमाण जास्त. पित्तनलिकांचं रक्त याच धमनीतून येतं. ती बंद पडली की नलिका खराब होतात आणि कधी कधी दुसऱ्या ट्रान्सप्लांटची वेळ येते. घरातल्याच माणसाने यकृताचा भाग दिला असेल तर ही धमनी जेमतेम २-३ मिलिमीटरची असते.

म्हणून ‘रोज रोज डॉप्लर कशाला, बिल वाढवायला?’ हा प्रश्न गिळलेला बरा. डॉप्लर म्हणजे रक्तवाहिनीतला प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. धमनी बंद पडताना रुग्णाला बहुतेकदा काहीच जाणवत नाही. तो चहा पीत बसलेला असतो आणि रक्ततपासणीत एसजीओटी-एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारे आकडे) मात्र उसळलेले असतात. डॉप्लरमध्ये शंका आली तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन होतो. गुठळी लवकर सापडली तर ती काढून यकृत वाचवता येण्याची शक्यता असते. उशिराने ती संधी जाते.

दुसरी चूक गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांची. ‘शेजारच्या बेडवरच्या काकांना ॲस्पिरिन चालू झाली, आमच्या बाबांना का नाही?’ कारण प्लेटलेट, टाके, रक्तस्राव सगळं बघून ती सुरू करतात. अनेक ठिकाणी प्लेटलेट ५०,००० च्या वर गेल्याशिवाय देत नाहीत. याच्या उलटही होतं: घरी आल्यावर दात काढायचा असतो, डेंटिस्ट ‘ॲस्पिरिन बंद करून या’ म्हणतो आणि घरचे बंद करतात. आधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टरांमधला दुवा असलेल्या हॉस्पिटलच्या माणसाला, फोन करा. हिरड्यांतून रक्त आलं तरी तसंच.

कंबर दुखली म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणणं ही याहून मोठी चूक. आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनचं काम अडवू शकतं, रक्तस्रावाचा धोका वाढवतं, आणि टॅक्रोलिमसने (शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाने) आधीच ताणलेल्या किडन्यांवर आणखी भार टाकतं. पॅरासिटामॉलसुद्धा विचारून, ठरवून दिलेल्या मात्रेतच.

घरी पोटात एनॉक्सापॅरिन (गुठळी रोखणारं इंजेक्शन) टोचायचं असेल, तर बेंबीपासून दोन इंच आणि टाक्यांपासून दूर. भरून येणाऱ्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका, त्याच्याबरोबर औषध सांडतं. टोचल्यावर चोळू नका, नाहीतर काळंनिळं होतं. आज उजवीकडे, तर उद्या डावीकडे.

बड-किआरीसारख्या (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा गुठळीने बंद पडण्याच्या) आजारामुळे ट्रान्सप्लांट झालेल्यांना रक्त पातळ करणारी औषधं बहुधा दीर्घकाळ लागतात. त्यात वॉरफरिन असेल तर पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के त्याचा परिणाम कमी करतं; तरी मेथी-पालक बंद करायची गरज नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. श्रावण लागला की घरात अचानक पालेभाज्यांचा मारा सुरू होतो आणि आयएनआर घसरतो. हे आधी सांगून ठेवा.

‘आराम करा’ म्हणत रुग्णाला गादीला खिळवून ठेवणारी प्रेमळ माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांना आवरा. टीमने परवानगी दिली की चालायचं: वॉर्डात, मग घरी गॅलरीत. पडून असताना पोटऱ्या हलवत राहायचं. गणपतीला कोकणात जायची घाई सुरुवातीच्या काळात नकोच. पुढे कधी गेलात तर गाडी थांबवत, उतरून पाय मोकळे करत जा. पावसाळ्यात जुलाब लागले तर अंगातलं पाणी उतरून रक्त घट्ट होतं. त्याच दिवशी कळवा. बिडी-सिगारेट तर कायमची बंद. तिचा धमनीतल्या गुठळीशी संबंध आढळला आहे.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघू नका. ताप, पुन्हा पिवळे पडणारे डोळे किंवा काळी शौच दिसली तरी त्याच दिवशी टीमला गाठा.

राहिला दाता. बायको, मुलगा, बहीण, ज्याने यकृताचा भाग दिला त्याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, कारण ‘तो तर धडधाकट आहे’. त्याचंही पोट उघडलेलं असतं, ऑपरेशननंतर त्याचाही आयएनआर वाढतो, आणि तरीही पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊ शकते. दाता स्त्री असेल आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर ते तपासणीच्या पहिल्याच भेटीत सांगायचं, सासूबाई समोर बसलेल्या असल्या तरी. इस्ट्रोजेनच्या गोळ्या ऑपरेशनच्या काही आठवडे आधी थांबवाव्या लागतात.