मामा तलावाच्या पाळीवर मिशिगन शिकवायचं कसं

‘हिमनदीनं तयार झालेलं सरोवर’ हा धडा सहावी-सातवीच्या पोट्ट्यांना फळ्यावर शिकवू नका. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगावकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवर, पण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांचे (जमीनदारांचे) तलाव, गावोगाव आहेत. चैत्र उलटून पाणी मागं सरलं की वर्ग तिकडेच न्या. सकाळी लवकर, नंतरचं ऊन पाळीवर उभं राहू देत नाही.

आधी पाळीवर सगळ्यांना उभं करा. ही पाळ कोहळी समाजाच्या लोकांनी माती टाकून बांधली, हे पोरांना घरूनच ठाऊक असतं. मग सांगा, अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराची पाळ बर्फानं घातली. तिथं आधी मऊ खडकातली दरी होती. बर्फाच्या थरानं ती खरवडून खोल केली. आज सर्वांत खोल जागी २८१ मीटर पाणी आहे. खरवडलेली माती आणि गोटे बर्फाच्या तोंडाशी साचले. बर्फ मागं हटला तसं वितळलेलं पाणी दक्षिणेच्या त्या ढिगाऱ्याआड तुंबलं. त्याला वाल्पराइसो मोरेन म्हणतात. जास्तीचं पाणी आजच्या शिकागोजवळून खाली उतरायचं. एवढं सांगून गप्प राहा. कुणीतरी सलंगाकडे, म्हणजे तलावाच्या सांडव्याकडे, हात करून “म्हणजे तो त्याचा सलंग!” म्हणतंच. आता पाणी ह्युरॉन सरोवरातून पूर्वेला जातं, म्हणून ते गोडं. आपल्या लोणारला बाहेर वाट नाही, म्हणून ते खारं.

आता काठावर उतरा. माझ्या मते खरा धडा इथे आहे, आणि पुस्तकात तोच नाही.

टोळ्या करून पोरांना गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर होतं ते शोधायला लावा. बेशरमीच्या फांद्यांना अडकलेला वाळका चिला (पाणवनस्पती), अर्जुनाच्या बुंध्यावरचा गाळाचा पिवळट पट्टा, शंख-शिंपल्यांची ओळ, तिच्यात गुटख्याच्या पुड्या. या खुणा जोडत चुन्याची रेघ मारा. रेघेच्या आत लाखोरीच्या बांधीचा धुरा, म्हणजे कुणाच्या शेताचा बांध, आला तर पोरं मालकाचं नाव घेऊन ओरडतील. तुम्ही नाव घेऊ नका, रेघ मारत राहा.

मग मिशिगनवर या. तिथं समुद्रासारखी भरती-ओहोटी जाणवत नाही, पण पातळी वर्षावर्षानं हलते. जानेवारी २०१३ चा नीचांक आणि २०२० चा उन्हाळा यांत सुमारे सहा फुटांचा फरक पडला. काठ असा सरकता, मग लोकांनी चालायचं कुठून? मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलं की नेहमीच्या उच्च जलरेषेखालच्या पट्ट्यातून कुणालाही चालता येतं, वरची जमीन खासगी असली तरी. शेजारच्या इंडियानात २०१८ च्या निकालानं त्या रेषेखालची जमीन राज्याचीच ठरवली.

हे निकाल आपल्याकडे लागू नाहीत, हे स्पष्ट सांगा. आपले तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा सरकारकडे आले. गावाच्या वहिवाटीचे हक्क पाहायचे तर तलाठ्याकडे निस्तार पत्रक मागा. जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये त्याची तरतूद आहे. मोठ्या पोरांकडून अर्ज लिहून घ्या, मराठीचाही तास होतो.

रेघ पावलांनी मोजून वहीत नकाशा उतरवा. तुडुमाजवळ, म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायच्या तोंडाजवळ, मात्र कुणालाही उतरू देऊ नका. वरून भेगाळलेला दिसला तरी तिथला गाळ आत ओला असतो, मांडीपर्यंत पाय जातो.